बेचिराग गावातल्या चुली

बी.ए.चा निकाल लागला आणि मी ठरवलं, बाबांचं जुनं गाव, बोरखेडा, कागदावर काढायचं. पटकीच्या साथीत गाव उठलं तेव्हा बाबा अंगावरचं पोर होते. आपलं घर कुठं होतं, त्यांना ठाऊक नाही. आजी न सांगताच गेली. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, तेव्हा हे काम माझंच.

आदिलाबादहून पहाटेच्या लाल बसनं इच्चोडा, तिथून बाजारहत्नूरची जीप, माणशी पाच रुपये. पुढे तासभर पायी, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पाणी बरोबर न्या, वाटेत विहीर नाही. नवा बोरखेडा टेकडीवर आहे, जुना खाली ओढ्याच्या वळणात. सरकारी दप्तरात तो निजामाच्या काळापासून 'बेचिराग' आहे, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. मात्र दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सगळे खाली उतरून आपापल्या जुन्या घराच्या जागी चूल पेटवतात. मी तोच दिवस धरला होता.

धुकं होतं. मोकळ्या माळावर जागोजाग तीन-तीन काळे दगड, आणि प्रत्येक तीन दगडांपाशी एक कुटुंब चूल पेटवत बसलेलं. भिंत एकही नाही. तरी माणसं कोपरे घेऊन वळत होती, वाकून आत शिरत होती. मी सरळ जवळच्या चुलीकडे निघाले.

"भिंतीतून काऊन येऊन राह्यली वं पोरी? दारातून ये!" एक म्हातारी ओरडली.

पलीकडच्या चुलीवरचा म्हातारा हसला. "सरजाबाई, भिंत पाडली तिनं. आता आमचं सारं दिसन तुमाले!"

"तुमचं काय पाहाचं गणपतराव? भाकर तं करपून राह्यली!"

दोघं हाताच्या अंतरावर होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. मधे भिंत होती. मी वळसा घालून, वाकून आत गेले.

सरजाबाईंनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. दुपारपर्यंत त्या सांगत गेल्या, मी गल्ल्या, दारं, पार काढत गेले. ओढ्यापलीकडचा कोपरा तेवढा कोराच राहिला. तिकडं धूर नव्हता.

"मी चंद्रभागेची नात," मी म्हटलं. "आमचं घर तिकडं होतं ना?"

"चंद्री? आमच्याच वावरात कामाले होती."

"तिथं चूल का नाही पेटत?"

"पलीकडच्यायले कोणी बोलावलंच नाही, माय."

तो कोपरा पाहिलेलं दुसरं कोणी जिवंत नव्हतं. त्या काठी घेऊन उठल्या, दारातून बाहेर पडल्या. ओढा ओलांडून, पावलं मोजत एका झुडपापाशी थांबल्या.

"इथपर्यंत."

"आणि घर?"

"तवा मी इथूनच हाक मारत होती. घरचे पुढं जाऊ देत नव्हते. चंद्री कुठून निघे, ते नाही पाह्यलं."

मी एकटी पुढे गेले. कंबरभर गवत, वारा बंद. मागून त्यांनी हाक मारली, पोरीच्या आवाजात, "चंद्रेऽ!"

"आली वं!" माझ्या तोंडून निघालं. मी असं बोलत नाही. पाऊल मागे घेतलं तर टाचेला दगड लागला. शेजारी दुसरा, काळा. तिसरा सापडला नाही.

"येऊ का वं?" सरजाबाई अजून झुडपापाशीच होत्या. "दार कोणीकडं?"

मला माहीत नव्हतं. "पूर्वेला," मी म्हटलं. त्या वळसा घालून आल्या आणि वाकल्या.

ओढ्यातून तिसरा दगड आणून आम्ही चूल पेटवली. धूर वर गेला तसे पलीकडचे सगळे चुलींपासून उठले. कोणी हाक दिली नाही. आम्ही निघेपर्यंत ते उभे राहून नुसते बघत होते.

घरी बाबा नकाशावर बराच वेळ वाकून होते. "दार पूर्वेला होतं, कोण म्हणलं?"

"मीच."

"राहू दे मग," ते म्हणाले.

बाकीचं गाव मी शाईनं गिरवलंय. ते दार अजून पेन्सिलीत आहे.