कोंबडीच्या घरी जायचं नाही

वडगावातल्या बायका शालनला तोंडावर काही म्हणत नसत, पण पाठीमागं ‘अंघोळीवाली’ म्हणत. म्हणणारच की. ही बाई घरून न्हाऊन निघायची आणि सोमाटण्याच्या पुढं, कोंबड्यांच्या रोगांवर संशोधन चालतं त्या केंद्रात पोचली की पुन्हा डोक्यावरून अंघोळ करायची. मग केंद्राचेच कपडे, केंद्राचीच चप्पल, आणि तेव्हा कुठं आत. संध्याकाळी बाहेर पडताना परत तेच. केस कधी धड वाळले म्हणून नाहीत.

आत काय, तर कोंबड्या. पण साध्यासुध्या नव्हेत. कोंबड्यांमध्ये एक विषाणू पसरतो. तो पिसांच्या कोंड्यातून उडतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकून राहतो. लागण झालेल्या कोंबडीचा एक पाय पुढं ताणतो, एक मागं, आणि मेल्यावर उघडून बघावं तर काळजावर गाठीच गाठी. माणसाला त्याचं काही होत नाही, पण पोल्ट्रीच्या पोल्ट्र्या बसतात. या गाठी का होतात याचा छडा डॉक्टर लोक पलीकडच्या शेडमध्ये लावत होते. त्यासाठी ज्यांना या विषाणूचा वारासुद्धा लागलेला नाही असे पक्षी लागतात. ते पक्षी शालनच्या ताब्यात होते.

म्हणून नियम कडक होता. या पक्ष्यांच्या स्वच्छ शेडमध्ये काम करणाऱ्यानं घरी कोंबडी पाळायची नाही आणि कोंबड्या असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर तिथून निघाल्यावर तीन दिवस शेडकडे फिरकायचं नाही.

आता मावळातल्या खेड्यात बिनकोंबडीचं घर शोधून दाखवा! शालनचं माहेर औंढ्याचं. आई झुंबरबाईच्या अंगणात कोंबड्या, ओसरीवर कोंबड्या, खाटेखाली खुडूक कोंबडी. आठ वर्षांत शालन त्या घराची पायरी चढली नव्हती. रजेला कुणाची ना नव्हती हो. पण आपला एका दिवसाचाही खाडा नाही याचा बाईला भारी ताठा. आपण नसलो तर पाखरं दाण्याला तोंड लावायची नाहीत, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आईच वर्षातून दोनदा, आंबेडकर जयंतीला आणि दिवाळीच्या सुट्टीत, धुतलेलं लुगडं नेसून वडगावला यायची.

यंदा झुंबरबाई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वर्षभर तरी वडगावची वाट बंद. शालनचा भाऊ श्रीपती रोज फोन करायचा. “आई तुझी आठवण काढती.” शालन म्हणायची, “येते रे दादा, एवढी ही पिल्लं मोठी होऊ देत.” पिल्लं मोठी झाली की अंड्यांचं काम निघायचं. अंडी झाली की रक्ताचे नमुने. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. भाकरी थापता थापता तव्यावरची करपायची, फोन वाजला की हातातलं टाकून धावायची, आणि तरी सकाळी पाय सोमाटण्याकडेच वळायचे.

एक दिवस श्रीपती आईनं पाठवलेली गोधडी देऊन गेला. आईनं पडल्या पडल्या शिवलेली, तिच्याच जुन्या लुगड्यांची. शालननं ती तोंडावर ओढून घेतली तेव्हा घरातले दिवे गेले होते. आईच्या वासात तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली, इतकी की सकाळी घरची अंघोळ राहूनच गेली.

सकाळी केंद्रात अंघोळीआधी तिनं अंबाडा सोडला आणि फरशीवर तांबूस पीस पडलं.

शालननं वाकून बघितलं. आतले पक्षी सगळे पांढरे. हे पीस आईच्या घरचं. न्हाणीत दुसरं कुणी नव्हतं. मोरीच्या जाळीत टाकून पाण्याचा तांब्या ओतला की मिटलं. अंघोळ तर करायचीच आहे, केस दोनदा धुवू. तिनं पीस उचललं, जाळीपर्यंत नेलं, परत आणलं. या पाखरांचं काही झालं तर डॉक्टरांची दोन वर्षांची मेहनत मातीत जाईल, ते तिला ठाऊक होतं. शेवटी तशीच बाहेर येऊन तिनं सारिका मॅडमना फोन लावला. त्या तिथल्या मुख्य डॉक्टर.

“आत गेला नाहीत ना? मग काही बिघडलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तीन दिवस घरी थांबा.”

घरी थांबणं हिला कुठलं जमतंय! डबे घासले, पडदे धुतले, दुपारपर्यंत चारदा दारात जाऊन आली. मग एकदम तिच्या डोक्यात आलं, आता बाहेरच आहोत तर औंढ्याला जायला काय हरकत आहे? तिनं पिशवी उचलली, लोकलनं लोणावळ्याला उतरली आणि रिक्षानं औंढं गाठलं.

खाटेवरची आई निम्मी झाली होती. शालननं तिचे पाय धरले, रडून घेतलं आणि मग गोधडीवरून तोंड सोडलं.

“आये, कोंबड्यांपासनं लांब ठिवायची की गं गोधडी! पीस निघालं त्यातून.”

“निघंल न्हाई तर काय. मीच खोचलं व्हतं, दोऱ्याखाली. वरच.”

“मुद्दाम?”

“व्हय. म्हनलं, तुजी नजर बारीक, घरीच दिसंल. दिसलं की तीन दिस सुट्टी.”

“आन् दिसलं नसतं तर? आत गेले असते तर? माजी सगळी पाखरं…” शालनचा आवाज चिरकला.

झुंबरबाईनं तोंड भिंतीकडे केलं. “चुकलंच माजं,” ती म्हणाली. “पन मी मेल्यावर सुट्टी काडलीच असतीस ना? म्हनलं, जित्तेपनी बगावं.”

शालन खाटेच्या काठावर टेकली. कितीदा म्हणून येता आलं असतं, आणि आपण आलो नाही, हे तिला आता सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सारिका मॅडमचा फोन आला. “पक्षी मजेत आहेत, खाणंपिणं नेहमीसारखं आहे. उद्या येताय ना?”

आपल्यावाचून पाखरं मजेत आहेत, हे ऐकून शालनला बरंही वाटलं आणि लागलंही. आई खाटेवरून टक लावून बघत होती.

“मॅडम, ते तीन दिवस कोंबड्यांच्या घरातनं निघाल्यावर मोजायचे ना?”

“हो, का?”

“मी अजून निघालेलीच नाही,” शालन म्हणाली, आणि आईचे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली.