सोसायटीच्या हॉलवरचा नाका

परक्या फौजेच्या ताब्यातल्या गावात माणसं किती विनोदी जगतात, हे उभ्या कुळगावात एकट्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना कळलंय. आनंदनगरच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात, गुडघे जपतात. काकांनी कॅम्प दोनच्या बाजारातून प्रोजेक्टर आणला आणि दर महिन्याला सोसायटीच्या हॉलमध्ये असल्या ताब्यातल्या गावांचे विनोदी सिनेमे लावायला सुरुवात केली. त्या प्रोजेक्टरवर सगळी माणसं जरा हिरवीच दिसतात. त्यांच्या लाडक्या सिनेमात एका आजोबांची अंत्ययात्रा फौजेच्या नाक्यावर अडते. शिपाई विचारतो, जायचा पास आहे, परतीचा कुठाय? नातू सांगतो, ते परत येणार नाहीत. मग शिपाई तसं लेखी मागतो, तेही आजोबांच्या सहीनं. इथं काका मांडीवर थाप मारून हसतात आणि बाकीचे एकमेकांची तोंडं बघतात. "काका, ही कॉमेडीच आहे ना नक्की?" तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं. "रडायला तुमच्या सीरियली आहेत की," काका म्हणाले.

नुसता सिनेमा दाखवून त्यांचं भागत नसे. हॉलच्या दारात आडवा बांबू धरून ते स्वतः उभे राहत. रोज जिन्यात भेटणाऱ्या आम्हाला नाव विचारत, कुठून आलात विचारत, डबे उघडायला लावत. अळूवडी हमखास जप्त व्हायची आणि तिथंच संपायची. काकू गॅस बंद करून, कुलूप लावून सगळ्यांत शेवटी येत, आणि त्यांची झडती सर्वांत लांबायची.

"येण्याचं कारण?" काका डोळे वटारत.

"नवऱ्याला घरी न्यायचंय. सोडताय कधी?"

हॉलमधला सर्वांत मोठा हशा हाच. त्यानंतरच सिनेमा सुरू व्हायचा, त्याआधी कधीच नाही.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. हॉल बरेच महिने बंद होता. आम्हीच मागे लागलो, तेव्हा परवा काका प्रोजेक्टर घेऊन खाली उतरले. बांबू धरला, डबे उघडून पाहिले, पण जप्त काहीच केलं नाही. आम्ही आत जाऊन बसलो. काका मात्र दारातून हलेनात.

"काका, पिक्चर लावताय ना? सगळे आलेत," वहिनी हळूच म्हणाल्या.

"थांबा जरा," काका म्हणाले. "तिची झडती राहिलीय."

मला त्या क्षणी काकूंची फार आठवण आली. थोड्या वेळानं काकांनी बांबू उचलला, एक माणूस न वाकता आत येईल इतका वर धरला, मग भिंतीला टेकवून ठेवला आणि दिवा घालवला.