शेगडीतला नारळ

नीताला कुणी ‘हे तुला जमायचं नाही’ म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जाते. पुण्यात गाडी शिकताना हेच झालं होतं, जर्मनीत भाषा शिकतानाही हेच. तेव्हा हेर्त्सोगेनआउराखजवळच्या खेड्यातलं ते जुनं घर तिने पसंत केलं, त्या दिवशी नवऱ्याने, म्हणजे उत्कर्षने, निदान हे वाक्य तरी तोंडातून काढायला नको होतं. घरात रेडिएटर नव्हते. बैठकीच्या कोपऱ्यात छातीइतकी उंच लोखंडी शेगडी होती. इथे तिला ओफेन म्हणतात. तिच्यात कोळशाच्या विटा जाळायच्या आणि सगळं घर तापवायचं.

“कोळसा? अगं, आपण सॉफ्टवेअरवाले. तुला जमायचं नाही,” उत्कर्ष म्हणाला.

“मग घेऊच या हे घर,” नीता म्हणाली.

घर भाड्याने घेतलं, पण उत्कर्षच्या अटीवर. तो आठवडाभर इंगोलश्टाटला नोकरीच्या गावी असायचा. थंडी पडली की घरात जाकीट काढून बसता आलं पाहिजे, नाहीतर नीताने निमूट तिकडच्या फ्लॅटमध्ये यायचं. नीताला फ्लॅटचं नाव नको होतं. आधीच्या फ्लॅटमध्ये फोडणीच्या वासावरून शेजारी दाराला चिठ्ठ्या चिकटवायचे आणि रविवारी मिक्सर लावायची चोरी होती. या घरात डोक्यावर कुणी नव्हतं, पायाखाली कुणी नव्हतं. ते सोडायचं म्हणजे पुन्हा दबकून जगायचं, आणि दबकून जगण्याचा तिला मनापासून वीट आला होता.

ऑक्टोबरात तिचे सासरे, उल्हासराव, दिवाळीपर्यंत राहायला आले. त्याच आठवड्यात कामिनकेररही आला. धुरांडी साफ करणारा आणि तपासणारा हा माणूस इथे प्रत्येक गावाला नेमून दिलेला असतो. त्याने शेगडी आतून बाहेरून पाहिली आणि बजावलं, “फक्त कोळसा आणि कोरडं लाकूड. दुसरं काही नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” नीता म्हणाली. उल्हासरावांनीही मान डोलावली. त्यांना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, आणि नारळाचं वेगळं सांगावं हे नीताच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिली खरी थंडी पडली तशी नीताने शेगडी पेटवली. लाकडांनी धग धरली, वर कोळशाच्या दोन विटा ठेवल्या आणि ती आणखी विटा आणायला तळघरात उतरली. वर उल्हासराव एकटेच. नव्या घराची वास्तुशांत झालेली नाही, हे त्यांना आल्या दिवसापासून डाचत होतं, आणि आता समोर अग्नी होता. त्यांनी देव्हाऱ्यातला नारळ लाल कापडात गुंडाळला, हात जोडून शेगडीत ठेवला आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून तिचं काचेचं दार घट्ट लावून घेतलं.

तळघरात नीताला धमाका ऐकू आला. ती धावत वर आली तर शेगडीच्या दाराची काच जमिनीवर, निखारे फरशीवर आणि सासरे राखेने माखून भिंतीला टेकलेले. तिने आधी त्यांचे हात, चेहरा तपासला. भाजलं नव्हतं. मग निखारे भरले, खिडक्या उघडल्या, आणि मग ती रागाने सासऱ्यांकडे वळली.

“पूर्णाहुतीला सबंध नारळच लागतो,” उल्हासराव पुटपुटले.

“बाबा, होमकुंडाला दार नसतं.”

पुढचे दिवस दोघं घरात कोट घालून वावरले. उष्णता सोसणारी काच नीताने मापाने कापून आणली, चौकटीत न जळणारी दोरी भरून स्वतः बसवली. कामिनकेररला पुन्हा बोलावून खरं ते सांगितलं. तो “आल्झो, म्हणजे नारळ तर,” एवढंच म्हणाला, धुराची ओढ तपासली आणि पेटवायला हरकत नाही म्हणाला. उल्हासरावांनी आपणहून राख काढायचं काम घेतलं. “उत्कर्षला सांगू नकोस गं,” असं मात्र ते दर वेळी राखेची बादली उचलताना म्हणत.

शुक्रवारी उत्कर्ष आला तो दारातच थबकला. “जळक्या खोबऱ्याचा वास कसला?” मग त्याला कोरी काच दिसली.

नीताने सासऱ्यांकडे पाहिलं. ते खुर्चीत अंग चोरून बसले होते. खरं सांगितलं तर या वयात मुलाकडून चार शब्द ऐकणार, आणि तिने अंगावर घेतलं तर तिला जमत नाही असं ठरून घर जाणार.

“नारळ फुटला आत,” ती म्हणाली. “मी टाकला होता.”

“मी म्हणालो होतो. तुला जमायचं नाही.”

“मी टाकला,” उल्हासराव उठून उभे राहिले. “घर पेटवायला निघालो होतो मी. तिने निस्तरलं, काच बसवली, आणि आता मला झाकायला खोटं बोलतेय. तुला फ्लॅटवर जायचं तर जा. मी दिवाळीला इथेच आहे.”

“बाबा, पण असल्या जुनाट घरात उद्या आणखी काही...” उत्कर्षने बोलायला सुरुवात केली. चिडून त्याने कपाळावरचा घाम पुसला, जाकिटाची चेन खाली ओढली, एक बाही काढली, मग दुसरी. बोलता बोलता त्याचं लक्ष हातातल्या जाकिटाकडे गेलं.

नीताने हात पुढे केला. जाकीट घेतलं आणि खुंटीला अडकवलं.