कोंडाबाईची हाक

तांब्यावर पालथा ठेवलेला पेला भर दुपारी खणकन फरशीवर पडला आणि कोंडाबाई लाटण्यासकट थेट रस्त्यावर. वळून पाहिलं तर घर जागेवर, विजेचा खांब जागेवर, आणि समोरच्या हॉस्टेलच्या गॅलरीत पोरं फिदीफिदी हसत होती. आठवड्यात ही तिसरी वेळ होती.

किल्लारीच्या भूकंपाला वीस वर्षं होत आली, तरी बाईचा भांड्यांवरचा भरवसा काही सुटला नव्हता. जमीन हलली की आधी पेला पडतो, मग भिंत. तेव्हा लातुरात घरोघरी अशी भांडी रचलेली असत. बाकीच्यांनी कधीच आवरून ठेवली, हिनं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं, शेकडो बाळंतपणं निभावली, पण स्वतःच्या घरात दाराला कडी लावायची म्हटलं की छातीत धडधडायचं. एका जागी पाच मिनिटं बसणं हिला ठाऊकच नाही. बोलता बोलता उठायची, दार लोटून बघायची.

आणि आता घरात येऊन पाहते तर भाचीच्या खोलीचं दार आतून बंद होतं. भाची समीक्षा, देगलूरला राहणाऱ्या भावाची, मारोतीची लेक, मेडिकलच्या क्लाससाठी आत्याकडे राहायला आलेली. सोबत पुस्तकं आणली दोन पिशव्या आणि गिटार एक, त्यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

"समे! कडी काढ आधी!"

दार उघडलं. खिडकीला गादी उभी लावलेली, फटींत टॉवेल कोंबलेले, आणि टेबलाखाली तो वूफर, ज्याच्या दणक्यानं पेला पडला.

"आत्या, बाहेरचा आवाज आत येऊन राहिला म्हणून लावली," समीक्षा रडकुंडीला आली होती. "रविवारपर्यंत पाठवायचंय. ह्या खेपेला न्हाई जमलं तर दुसरीला घेणार हायेत."

नांदेडच्या प्रीतमच्या रॉक बँडला गाणारी हवी होती. समीक्षानं घरीच गाऊन दोन रेकॉर्डिंग पाठवली, दोन्ही परत आली. सल्ले मात्र पोतंभर. एक म्हणाला माइक बदल, दुसरा म्हणाला आवाजाला घुमारा दे, प्रीतम म्हणाला सगळं ठीक आहे, पण अंगावर येत नाही. क्लासमध्ये एवढा अभ्यास केला असता तर पोरगी एव्हाना डॉक्टर झाली असती. पण तिचा जीव ह्यातच होता, आणि ते कोंडाबाईला दिसत होतं.

"ऐकू तर दे."

समीक्षानं तिच्या कानाला हेडफोन लावले. कोंडाबाई ऐकता ऐकता दोनदा उठली, वायर आखूड म्हणून पुन्हा बसली. मग हेडफोन काढून ठेवले.

"खरं सांगू का? राग धरायचा न्हाई."

"सांग."

"ते गिटार लई भांडून राहिलंय. ढोलबी तापलाय. अन् तू? तू अभ्यासिकेत बसल्यावानी गाऊन राहिलीस. मशीननं आवाज मोठा केलाय नुसता. तुला कोणाची भीती हाय?"

समीक्षानं खिडकीकडे बोट दाखवलं. गल्लीत जिकडे तिकडे 'शांतता राखा' लिहिलेलं. भिंतीपलीकडे परीक्षेची पोरं. दीड वर्षात ती खोकलासुद्धा तोंडावर ओढणी घेऊन खोकायला शिकली होती.

कोंडाबाई उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"तुझ्या बापाला ढिगाऱ्यातनं मी काढलं म्हणतेत ना घरात? मी न्हाई काढलं. मिलिटरीवाल्यांनी काढलं. मी निस्ती हाक मारली."

घरात एवढ्यापलीकडे हा विषय निघत नसे. समीक्षा खुर्चीच्या कडेवर आली.

"घरावरचं मातीचं माळवद बसलं होतं त्याच्यावर. मिलिटरीवाल्यांनी माती उपसायची मशीन बंद केली, समद्यांना गप बसवलं. म्हणले, घरच्यानं हाक मारायची अन् बाकीच्यांनी कान द्यायचे. मी भीमजयंतीला गाणारी, गावभर माझा आवाज ठाऊक. पण तिथं तोंडातून निघंना. रांगेनं मढी ठेवलेली. मी हळूच म्हणलं, मारोती... आतून काईच न्हाई. मशीन पुन्हा सुरू करायला लागले. तर म्हातारी सरजाबाई वरडली माझ्यावर, मेलेल्यांची झोप मोडंल म्हणून भितीस का गं? जित्याला ऐकू जाऊ दे की! मंग मी वरडले. 'मारुत्याऽऽ!' गळा फाटला माझा. अन् खालून ताट वाजलं."

तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"पयली हाक बी माझीच होती, पोरी. पण ती त्याच्यापत्तूर गेलीच न्हाई. तू कुणाला हाक मारून राहिलीस, ते ठरव. माइकचं मंग बघ."

समीक्षानं गादी ओढून खाली पाडली. खिडकी उघडली, दारही. क्लास सुटायच्या वेळेला, गल्लीत सायकलींची गर्दी असताना, ती माइकसमोर उभी राहून गायली. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला, पण थांबली नाही. शेजारचे ईश्वरप्पा मास्तर "अगं ए, परीक्षा हायेत पोरांच्या!" म्हणत दारात आले. कोंडाबाईनं त्यांना तिथंच थोपवलं. गाणं संपलं तेव्हा हॉस्टेलच्या गॅलरीत कोणीतरी जेवणाच्या ताटावर चमच्यानं ठणकन वाजवलं. एकदा, मग पुन्हा. कोंडाबाईनं उंबऱ्यावरच भिंतीचा आधार घेतला.

शनिवारी प्रीतमचा फोन आला. समीक्षानं स्पीकर सुरू केला.

"काय केलंस गं तू हे? काटा आला अंगावर. उद्या ये नांदेडला, तूच गाणार. फक्त एक कर. शेवटी कोण येड्यानं ताट बडवलंय, तेवढं काप."

समीक्षानं आत्याकडे पाहिलं.

"ते न्हाई कापणार."

"अगं, गाण्याचा काय संबंध त्याचा?"

"हाय. उत्तर हाय ते."

तिकडे प्रीतम काहीतरी बोलत राहिला. कोंडाबाई उठली, स्वयंपाकघरात गेली, तो पेला धुतला, पुसला आणि पुन्हा तांब्यावर पालथा ठेवून दिला.