टरफलांचा कोळसा आणि आईची मिश्री

चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून सात वर्षं काढल्यावर मी शेंगांची टरफलं जाळायला लागलो.

त्याचं असं झालं, प्लेटिंगच्या, म्हणजे सुट्या भागांना मुलामा देताना निघणाऱ्या, घाण पाण्याचा रंग आणि वास शोषायला कंपनी खास कोळशाची पोती विकत आणते. साहेब म्हणाले, "हा कोळसा कोणी टाकाऊ मालातून करून दाखवला, तर कायम कामगारांच्या यादीत मी त्याचं नाव सुचवीन." यादी गेटवरच्या बोर्डावर लागणार होती. मला तिथे माझं नाव दिसायलाच लागलं.

सहा रविवार मी मोशीच्या घरामागे पत्र्याच्या डब्यात टरफलं कोंडून भाजली, लिंबाच्या रसात भिजवली, पुन्हा भाजली. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे धुरकटले. (त्यांनी बोलणं सोडलं. तेवढाच फायदा.) बायको म्हणाली, "लोक टरफलं टाकून शेंगा खातात. तुम्ही शेंगा गल्लीत वाटून टरफलं परत मागताय."

शेवटी ओंजळभर काळी पूड झाली. ठेवायला आईकडून मिश्रीची एक रिकामी डबी मागून घेतली. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. ती दातांना लावल्याशिवाय आईचा दिवस उजाडत नाही. दोन्ही डब्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. हे डोकं माझंच.

दोन दिवसांनी साहेबांसमोर ग्लासात घाण पाणी घेतलं. "पाच मिनिटांत नितळ होतं बघा, साहेब." दोन चमचे पूड टाकली. पाणी चहासारखं झालं.

"अहो, तंबाखूचा वास येतोय."

"कमी पडली असेल," म्हणत मी अख्खी डबी उपडी केली. साहेब सात वेळा शिंकले. मी आठवीची वाट बघत होतो, कारण शिंका संपल्या की ते बोलणार होते.

घरी आई पायरीवर वैतागून बसलेली. "औंदा तंबाखूच सपक निघाली बघ. दोन दिस घासतीया, पर डोकं काय जाग्यावर येईना." बोलताना तिचे दात दिसले. चाळीस वर्षांचे काळे दात पांढरेशुभ्र झाले होते. म्हणजे माझा कोळसा उत्तम जमला होता! मला रडूच आलं.

सगळं ऐकून आई म्हणाली, "मग सायबाला माझं दात दावू का?"

खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीवर बसवून गेटपर्यंत नेलं. बोर्डावर यादी लागली होती. तिच्यात मी नव्हतो. शेजारच्या कागदावर होतो: कंपनीत तंबाखू आणल्याबद्दल सक्त ताकीद.

आईला एवढंच वाचता येतं, माझं नाव. "लागलं की रं," म्हणत ती वॉचमनकडे बघून तोंडभर हसली. दात मात्र खरंच सुरेख दिसत होते.