शैलाचे उपास आणि थायरॉईडची गोळी

केतकीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन आला तेव्हा मी मंडईतून आणलेले मटार सोलत होते. "मावशी, आई गेली." अटॅक, घरातच. फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलून संपवले. रडू आलं नाही. महिना झाला, अजून आलेलं नाही...

शैला माझी धाकटी बहीण. चाळिशीत अंगावर सूज दिसायला लागली. केस गळायचे, मे महिन्यात स्वेटर, जिना चढली की बसून राहायची. मी म्हणायचे, "शैले, जरा हातपाय हलव!" मग तपासणीत थायरॉईड निघालं. शरीरच म्हणे गळ्यातल्या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर उठतं. तिचं काम मग गोळीनं करायचं, रोज, जन्मभर. शैलानं मला विचारलं, "ताई, उपासाला चालते का गं गोळी?" आमच्याकडे असले निकाल मीच द्यायचे. म्हटलं, "नाही चालत. एक दिवस नाही घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

पुढं तीन वर्षं डोस वाढत राहिला आणि ही थकतच राहिली. शेवटी एकदा मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"हो, रोज. उपास सोडून."

"उपास कोणते?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र... बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अधूनमधून घेता म्हणा की! अहो, ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते. उपासाइतका सोयीचा दिवस नाही. कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

मी शेजारच्याच खुर्चीत होते. शैला म्हणाली, "माझंच डोकं." मी तिची फाईल पिशवीत भरली. येताना रिक्षात भाजीच्या भावांवर बोलले.

त्यानंतर ती सुधारली, चांगली पर्वती चढायला लागली, आणि मी विषय संपला असं धरून चालले.

परवा खराडीला तिच्या घरी गेले, केतकीला सगळं सांगितलं. त्या तीन वर्षांचा आणि अटॅकचा संबंध आहे का, डॉक्टरांना आता सांगता येत नाही. केतकी म्हणाली, "मला ठाऊक आहे, मावशी. आईनं तेव्हाच सांगितलेलं. म्हणाली, ताईपाशी बोलू नकोस, तिला लागेल."

शैलाच्या उशाशी गोळ्यांची बाटली होती, निम्मी भरलेली. झाकणावर कागदाची पट्टी, तिच्या अक्षरात : 'उपासालासुद्धा.' मी वाचलं, बाटली होती तिथं ठेवली आणि केतकीला विचारलं, पोळ्या किती टाकू?