बांबूची कामटी

बोरगाव मेघेत सकाळी फिरताना एक बाई रोज दिसायच्या. एकदा त्या पदर खोचून अंगणातल्या चेंबरशी बसल्या होत्या. पहिला चेंबर भरलेला, दुसरा कोरडा. म्हणजे बोळा मधेच. त्यांनी बांबूची लांब कामटी पाइपात सारली आणि तुंबलेलं पाणी गडगडत निघालं.

समोरचे गृहस्थ आपल्या फाटकातूनच म्हणाले, "झालं का वं? आता आमच्याकडे येजो, आमचंही तुंबलं."

बाईंनी रस्ता ओलांडून कामटी त्यांच्या फाटकाला टेकवली.

"माह्या सासूनं गावाची घाण काढली. मी फक्त माह्या घरची काढते. हे घ्या, हात तुमचे लावा."

मी फिरणं सोडून बघत राहिलो. बाई अर्ध्या रस्त्यातून वळल्या.

"अन् वापस करतानी धुवून देजा."